स्वच्छता म्हणजे घासणे नव्हे

आपले घर, आपले आरोग्य



भाद्रपद लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरून गेलेला असतो. उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, पत्र कुठलेही असो, तक्रार एकच: अंगाला खाज. उडीद-मुगाची रास झालेली असते, सोयाबीनची काढणी तोंडावर आलेली असते आणि नेमक्या याच दिवसांत हात, मान, डोळ्यांच्या पापण्या यांची आग सुरू होते. लोहारा तालुक्यातल्या एका भगिनीने या वेळी सविस्तर लिहिले आहे. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात विळा चालवायचा, घरी आले की अंग चुरचुरते. म्हणून ती रोज दोन वेळा लाल साबण लावून दगडाने अंग घासते. खाज कमी व्हायच्या ऐवजी वाढली. गावातल्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली. ती लावली की चार दिवस बरे वाटते, सोडली की दुपटीने उठते. पत्राच्या शेवटी तिने विचारले आहे, एवढे स्वच्छ राहूनही आमच्याच अंगाला हे का?

तिच्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आला आहे. ती फार घासते आहे.

हे वाक्य आपल्या वस्तीत सहज गळी उतरणारे नाही, याची कल्पना आहे. आपल्या घरांत स्वच्छतेला जे स्थान आहे त्यामागे इतिहास आहे. महाडला १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले तेव्हा राहणी, लुगडे नेसण्याची तऱ्हा, अंगावरचे जड दागिने आणि स्वच्छता यांविषयी त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. ज्यांचा स्पर्शही विटाळ ठरवला होता त्यांनी आपल्या देहाचा मान आपणच राखायचा होता. आपल्या आज्या-पणज्यांनी ते मनावर घेतले. अंगावर एकच लुगडे असले तरी ते धुऊन, वाळवून नेसायचे. पोराला शाळेत पाठवायचे तर मान, कोपर, गुडघे लाल होईपर्यंत घासून पाठवायचे, कारण मास्तराला किंवा शेजारच्या बाकावरच्या पोराला काही बोलायला जागा राहू नये. अशा घासलेल्या मानेने शाळेत गेलेली माणसे आज आजोबा-आजी झाली आहेत. या अभिमानाला धक्का लावण्याचा प्रश्नच नाही. पण विटाळ कातडीवर कधी नव्हताच, तो बोलणाऱ्याच्या डोक्यात होता. दगड घेऊन आपण घासतो ती मात्र आपलीच कातडी.

कातडीचे काम कसे चालते ते आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरावरून चांगले समजेल. माळवदावर पांढऱ्या मातीचा थर असतो. तो नीट असेल तर कितीही पाऊस पडो, घरात थेंब येत नाही. कोणी तो थर खरवडून काढला तर पहिल्याच पावसात घर गळू लागते. कातडीच्या वरचा थरही तसाच असतो. कागदाइतका पातळ. त्यात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये चरबीचा लेप असतो. हा लेप आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची धूळ, जंतू, औषधे आत शिरू देत नाही. साबण चरबी धुऊन काढतो, त्याचा गुणच तो आहे. तेलकट भांड्याला तो हवा असतो, कातडीला मात्र दिवसातून दोनदा सर्वांगाला तो नको असतो. निरोगी कातडी किंचित आंबट असते आणि नेहमीचा वडीचा साबण खारट, म्हणजे अल्कधर्मी. त्यावर दगड फिरवला की माळवद उघडे पडले. मग आतला ओलावा उडून जातो, कातडी ताणल्यासारखी होते, भेगा पडतात आणि शेतातली धूळ सरळ आत जाते. खाजवले की आणखी थर निघतो. खाजवल्याने खाज वाढते ती अशी.

आपल्या जिल्ह्यात यात पाण्याची भर पडते. काळ्या पाषाणातून खोलवर मारलेल्या बोअरचे पाणी बहुतेक गावांत जड असते. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण लावतो. क्षार आणि साबण मिळून जो पांढरा चिकट थर बादलीच्या कडेला बसतो तोच अंगावरही बसतो. टँकरच्या दिवसांत तो धुवायला पुरेसे पाणी नसते. दुष्काळात कातडीचे विकार वाढलेले दिसतात, त्याला घाण हे एकच कारण नाही. अंगावर राहून गेलेला साबण हेही आहे.

आता दुसरा अर्धा भाग, शेताचा.

रस्त्याच्या कडेला, गायरानात, पडीक रानात, शाळेच्या मागे पांढऱ्या बारीक फुलांचे जे झुडूप माजते ते गाजर गवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. हे आपल्या मातीतले नव्हे, अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातले. १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात ते प्रथम ठळकपणे नजरेस आले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे काही वर्षांतच पुण्याच्या आसपासची शेतकरी आणि मजूर माणसे सुजलेला चेहरा, चिरटलेली मान घेऊन दवाखान्यात येऊ लागली. त्या आजाराचा आणि या गवताचा संबंध दाखवून देण्याच्या कामात पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांचे नाव घेतले जाते. साठच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. आज जगातल्या त्वचारोगाच्या पुस्तकांत या आजाराच्या प्रकरणात महाराष्ट्राचा उल्लेख येतो, तो आपल्या शेतमजुरांच्या कातडीच्या बळावर.

या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. झाड वाळले तरी ते जात नाही. वाळलेल्या पानांचा आणि लवेचा चुरा वाऱ्यावर उडतो आणि घामेजलेल्या अंगावर बसतो. म्हणून गवताला हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो. खूण अशी की पापण्या, कानांच्या मागची बाजू, मानेच्या दोन्ही कडा, कोपराची आतली घडी, म्हणजे जिथे घाम आणि धूळ साचते तिथे कातडी जाड, काळसर, खाजरी होते. पावसाळ्यात वाढते. काहींना पुढे पुढे ऊनही सोसत नाही. अनेकजण विचारतात, इतकी वर्षे याच रानात राबलो तेव्हा काही झाले नाही, मग आताच कसे? ॲलर्जीची रीतच ती आहे. शरीर त्या द्रव्याची ओळख करून घ्यायला महिने, कधी वर्षे घेते. एकदा ओळख पटली की मग सहसा विसरत नाही. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली आहेत. गाजर गवताचा त्रास असलेल्यांपैकी काहींना त्यांच्याजवळही खाज सुटते. विहारात फुले वाहताना कोणाला असे होत असेल तर त्यात चमत्कार नाही.

एक गोष्ट जाता जाता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा जो देशव्यापी सत्याग्रह झाला त्यात पडीक जमिनीची मागणी पुढे होती. मराठवाड्यात आपल्या कित्येक कुटुंबांच्या वाट्याला आली ती गायरानाची माळरानेच. तिथे नांगर लागण्याआधी हे गवत उपटावे लागते. ते कसे उपटावे हेही आपण शिकले पाहिजे. फुलोरा येण्याआधी, पाऊस पडून जमीन ओली असताना, हातात मोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या घालून मुळासकट उपटायचे आणि खड्ड्यात पुरायचे. उपटून घराजवळ वाळत टाकायचे नाही. ज्याच्या अंगावर एकदा उठले आहे त्याने मात्र या कामाला हात लावू नये. ते घरातल्या दुसऱ्याने करावे.

सोयाबीनचा त्रास वेगळा आहे. त्याच्या झाडाला आणि शेंगेला बारीक लव असते आणि मळणी यंत्राजवळ भुशाचा धुरळा उठतो. तो टोचतो, घामात चिकटतो. बांधकामावर बिगारी करणाऱ्यांना सिमेंटचा असाच त्रास होतो. ओले सिमेंट कातडी जाळते, शिवाय त्यातल्या क्रोमचीही ॲलर्जी येते. नाली आणि रस्ते सफाईच्या कामावरच्या बांधवांना हातमोजे आणि बूट देणे हे नगरपालिकेचे काम आहे, तो उपकार नाही. ते मागितलेच पाहिजेत.

शेतात जाताना बाया साडीवर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. कोणी हसते, पण ही रीत उत्तम आहे. शर्टाची कॉलर वर करून रुमाल डोक्यावरून मानेपर्यंत बांधावा. घरी आल्यावर प्रथम हे कपडे उतरवून बाहेरच ठेवावेत. त्याच पदराने लेकराचे तोंड पुसू नये आणि त्याच कपड्यांवर जमिनीला पाठ टेकू नये. मग हात, चेहरा, मान साध्या पाण्याने धुवावी. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि कोणत्याही ट्यूबपेक्षा त्याचा गुण जास्त आहे.

आता रोजची काळजी. ज्यांची कातडी चुरचुरते, सोलते, लगेच लाल होते त्यांच्यासाठी हे आहे. यात काही नवे विकत आणायचे नाही, उलट घरातले बरेच बाजूला ठेवायचे आहे.

अंघोळ दिवसातून एकदा. पाणी कोमट, हाताला गरम वाटेल असे नको. थंडीत कढत पाणी खाजेवर ओतले की क्षणभर फार सुख वाटते, पण रात्री त्याची परतफेड करावी लागते. साबण फक्त काखेत, जांघेत, पायांना. बाकी अंगाला पाणी आणि हात पुरेत. अंगावर धूळ फार असेल तर सौम्य, बिनवासाचा साबण हातावर फेसाळून फिरवावा आणि लगेच धुवावा. कपड्याची वडी अंगाला कधीही नको. दगड, वजरी, नायलॉनची घासणी बरी होईपर्यंत बंद. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचे झाकण ओतण्याची सवय बऱ्याच घरांत आहे, तीही बंद. अंग पुसताना मऊ, जुन्या सुती कापडाने टिपून घ्यावे, चोळू नये.

खरी किमया पुढच्या दोन-तीन मिनिटांत आहे. कातडी ओलसर आहे तोवर साधे खोबरेल तेल किंवा पांढरे व्हॅसलिन पातळसे लावायचे. ओलावा आत कोंडला जातो आणि निघून गेलेल्या चरबीची जागा तात्पुरती भरून निघते. कोरड्या अंगावर तासाभराने लावले तर निम्माच उपयोग. उन्हाळ्यात व्हॅसलिनने घामोळ्या येतात, तेव्हा खोबरेलच बरे, तेही थोडे. सुगंधी तेल नको. कितीही महाग असले तरी वास हा इथे शत्रू समजावा. हाता-पायांच्या भेगांना रात्री झोपताना व्हॅसलिन भरून वर सुती मोजे घालावेत. आठवड्यात फरक दिसतो. भांडी घासणाऱ्या, धुणे धुणाऱ्या भगिनींनी दर वेळी हात पुसल्यावर दोन थेंब तेल चोळण्याची सवय लावून घ्यावी. रबरी मोजे घालायचे तर आत सुती मोजे हवेत, नाही तर आतल्या घामानेच हात सडतात.

टँकर येण्याचे दिवस असतील तर? २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आपल्याकडची स्थितीही काही वेगळी नव्हती. अशा वेळी एक तांब्या पाण्यात सुती फडके भिजवून अंग टिपून घेतले, काख-जांघ तेवढी धुतली आणि वर तेलाचा हात फिरवला तर संवेदनशील कातडीला ती पूर्ण अंघोळच झाली. यात कमीपणा काही नाही. साबण लावून तो अर्धवट धुण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. कपडे मात्र शेवटच्या पाण्यातून नीट काढावेत. पावडर कपड्यात राहिली की कमरेला, मांडीला, ब्लाउजच्या काठाखाली पुरळ येते.

लहान बाळांविषयी दोन शब्द. लव जावी, रंग उजळावा म्हणून कणकेचा गोळा किंवा डाळीचे पीठ बाळाच्या अंगावर रगडतात. बाळ रडते आणि आपण म्हणतो, अंग मोकळे होते आहे. बाळाची कातडी आपल्यापेक्षा नाजूक असते, लव आपोआप जाते आणि रंग आई-बापाचा असतो तोच राहतो. हलक्या हाताने तेल लावावे, एवढेच.

आणि बंद काय करायचे? चेहऱ्यावर लिंबू, सोडा, टूथपेस्ट. खाजेवर रॉकेल. कडुनिंबाचा कच्चा वाटलेला पाला. कडुनिंब औषधी आहे हे खरे, पण सोललेल्या कातडीला औषधीही झोंबते. कानात, गळ्यात खोटे दागिने घातल्यावर तिथेच खाज येत असेल तर ती त्यातल्या निकेलची. कपाळावर चिकटवायच्या टिकलीखाली खाज किंवा पांढरा डाग दिसू लागला तर टिकली त्याच दिवशी सोडावी, कारण तिच्या गोंदातले एक रसायन रंगपेशी मारते. घरगुती किंवा दुकानातली, कोणतीही नवी वस्तू चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज थोडी लावून पाहावी. काही उठले नाही तरच पुढे जावे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या ट्यूबकडे आता येऊ. चार दिवसांत खाज थांबवणाऱ्या बहुतेक ट्यूबांमध्ये स्टेरॉईड असते. बॉक्सवर बारीक अक्षरांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे असतात. स्टेरॉईड वाईट औषध नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या जागी, ठरवलेले दिवस लावले तर इसबावर त्यासारखे दुसरे नाही. पण महिनोन् महिने, विशेषतः चेहऱ्यावर, जांघेत लावले की कातडी पातळ होते, आतल्या लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि केस येतात आणि सोडले की आग आग होते. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. गजकर्णावर, म्हणजे नायट्यावर लावले तर वरची लाली दबते आणि बुरशी मात्र आत पसरत जाते. आज घराघरांत न हटणारे गजकर्ण दिसते त्यामागे या मिश्र ट्यूबांचा हात मोठा आहे. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तो किती पाळला जातो हे आपण सर्वजण पाहतोच. ज्यांनी चेहऱ्यावर बरेच महिने लावले आहे त्यांनी ते एकाएकी न सोडता डॉक्टरांना दाखवून उतरवत आणावे.

चेहऱ्यावर ही ट्यूब जाते ती बहुधा खाजेसाठी जात नाही. रंग उजळतो म्हणून जाते. स्थळ पाहायला येणार म्हटले की मुलीच्या हातात कोणीतरी डबी ठेवते. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकला. नाव बदलले, पाहायला येणाऱ्यांची नजर बदलली का? दुःख याचे की जात पाहू नका म्हणणारी आपली शिकलेली घरेसुद्धा बायोडाटामध्ये वर्ण गोरा असे लिहितात. अकोल्याची गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथल्या एका घरातल्या तिघींना ब्युटीशियनकडून आणलेले क्रीम लावल्यानंतर मूत्रपिंडाचा आजार जडला. २०२३ साली ते बाहेर आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा प्रचंड प्रमाणात सापडला. पारा कातडीचा रंग दाबतो आणि रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. ज्या डबीवर कारखान्याचा पत्ता नाही, घटक छापलेले नाहीत, ती डबी घरात घेऊ नये. मुलीच्या चेहऱ्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते, हे तिला तिच्या आईने आणि बापानेही बोलून दाखवावे.

खाजेच्या माणसाला घरात कसे वागवावे याविषयी विनयपिटकातल्या महावग्गात एक हकिकत आहे. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना कातडीचा मोठा विकार होता. अंगातून लस वाहायची आणि चीवर अंगाला चिकटून बसायचे. भिक्खू ते चीवर पाण्याने भिजवून भिजवून हळूहळू सोडवत होते. तथागतांनी ते पाहिले, काय आजार आहे म्हणून चौकशी केली आणि ज्यांना खाज, फोड, वाहती जखम आहे त्यांच्यासाठी औषधी चूर्ण वापरण्याची मोकळीक दिली. आतून नेसण्याच्या वेगळ्या वस्त्राचीही मोकळीक त्यांच्याच आजारावरून मिळाली. हा मागच्या जन्मीचा भोग आहे असे म्हणून कोणी बाजूला झाले नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती शुश्रूषा आजही जशीच्या तशी बरोबर आहे. जखमेला चिकटलेले कापड ओढू नये, कोमट पाण्याने भिजवून सोडवावे. आतून मऊ, स्वच्छ, सैल सुती कपडा असावा. इसब आणि ॲलर्जी स्पर्शाने लागत नाहीत. अशा माणसाचे ताट, अंथरूण वेगळे करण्याचे काही कारण नाही. ताट वेगळे करणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

लागते ती खरूज. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेभोवती बारीक पुळ्या येतात आणि घरात दोघा-तिघांना एकदम होते. तिचे औषध एकाच रात्री घरातल्या सर्वांनी मानेपासून पायापर्यंत लावायचे असते, ज्याला खाज नाही त्यानेही. कपडे आणि अंथरूण गरम पाण्याने धुऊन उन्हात टाकावे. घरातला एकजण सुटला की सगळ्यांना पुन्हा होते.

नागीण म्हणतात तो कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार. अंगाच्या एका बाजूला पट्ट्याने फोड उठतात, आधी दुखते, मग उठते. गेरूने रेघ मारून, अंगारा लावून लोक दिवस घालवतात, दोन्ही तोंडे जुळली की माणूस जातो म्हणून घाबरतात. त्यात तथ्य नाही. पण पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांचे औषध सुरू झाले तर फायदा मोठा, म्हणून गेरूत वेळ घालवू नये. डोळ्याजवळ उठले तर त्याच दिवशी दाखवावे. आणि ज्या डागाला खाज नाही, स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, असा फिकट किंवा तांबूस डाग असेल तर लपवू नये. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर माणूस पूर्ण बरा होतो, व्यंग येत नाही.

पिवळा पू, ताप, अंगभर सोलणे, ओठ-डोळे सुजणे, औषधाची गोळी घेतल्यावर अंगावर उठणे, यांपैकी काही असेल तर घरचे उपाय थांबवून निघावे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. त्वचेच्या तज्ज्ञाची गरज लागली तर पूर्वीसारखे सोलापूर किंवा लातूर गाठलेच पाहिजे असे नाही, आता धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, डब्या, साबणाचे वेष्टन एका पिशवीत घालून न्यावे. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नये. तेच पाहून त्यांना निदान करता येते. त्या दिवशी सकाळी अंगाला काही लावू नये, म्हणजे डाग जसा आहे तसा दिसेल.

लोहाऱ्याच्या भगिनीने दगड आणि ट्यूब दोन्ही आपल्या मनाने न चालवता वरीलप्रमाणे तीन आठवडे करून पाहावे, त्याआधी ती ट्यूब केंद्रावरच्या डॉक्टरांना जरूर दाखवावी, आणि काय झाले ते कळवावे. पापण्यांवर उठत असल्याचे तिने लिहिले आहे, तेव्हा तिच्या बाबतीत गाजर गवताची शंका दाट आहे. बांधावरची जागा बदलून पाहता आली तर मुकादमाशी बोलावे. कळंब तालुक्यातून दोघींनी मुलांच्या डोक्यातील खवड्यांविषयी विचारले आहे. तो विषय पुढील अंकी घेऊ.